भीमसिंगची नाडी

रविवारी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले रस्ते रिकामे असतात. कारखान्यांची फाटकं बंद, ट्रक कडेला उभे, आणि रुंद सपाट डांबरावर मोकाट कुत्र्यांशिवाय कुणी नाही. मोनाली रामटेकेचा ग्रुप म्हणूनच तिथे जमायचा. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकल, आणि सायकल टाकली की पळायचं, अशा ट्रायथलॉनच्या स्पर्धेची तयारी करणारी ही हौशी माणसं होती. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक दातांचा डॉक्टर. स्वतः मोनाली कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात नोकरी करायची आणि सकाळी कोचिंग.

ग्रुपमध्ये वयानं सगळ्यांत मोठे भीमसिंग राठोड. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दारव्हा रस्त्यावरून आत त्यांचा बंजारा तांडा, तिथून ते सायकलनंच यायचे. पहिल्या दिवशी मोनालीनं विचारलं होतं, "काका, या वयात ट्रायथलॉन काहून?"

"सारी नोकरी पुसदच्या रूटवर काढली, मॅडम. लोकाईले नेलं, आणलं. पन मी बसूनच होतो. आता तो रस्ता माह्या पायानं पाह्यतो एकडाव."

त्या हिवाळ्यात पुसदजवळच्या धरणावर स्पर्धा होणार होती. सायकलचा मार्ग बराचसा त्यांच्या जुन्या रूटवरूनच जात होता. पोहणं त्यांना शिकवावं लागलं नाही, लहानपण विहिरीत उड्या मारण्यातच गेलेलं. पळणं मात्र अवघड गेलं. बसून बसून कंबर आखडलेली. मोनालीनं आधी त्यांना नुसतं चालायला लावलं, मग थोडं पळा, थोडं चाला, असं करत वर्षभरात उभं केलं. भीमसिंग तिचं सगळं ऐकायचे. इतरांना रविवारी जाग येत नसे, तेव्हा हे फाटकापाशी पायडल फिरवत उभे असायचे. "जय भीम, मॅडम," ते म्हणायचे, आणि ती म्हणायची, "जय सेवालाल, काका."

स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा तिला काहीतरी खटकायला लागलं. काका छातीचा पट्टा लावेनासे झाले. हृदयाचे ठोके मोजणारा तो पट्टा ग्रुपमधले सगळे लावत, कारण त्यावरूनच ती कुणी किती जोर लावायचा ते ठरवायची. विचारलं तर म्हणाले, "टोचते." दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "घरी राह्यला." आणि एका सकाळी दारव्ह्याकडच्या चढावर ते मध्येच उतरले आणि चेन बघत बसले. मोनाली मागून आली. चेन जागेवर होती. काकांचे ओठ पांढरट दिसत होते आणि थंडीतही मानेवर घाम होता.

"हात द्या," ती म्हणाली.

"काही नाई मॅडम, चेन जराशी..."

"काका, हात."

तिनं मनगटावर बोटं ठेवली. ठोके पडत होते, पण त्यांना चाल नव्हती. दोन घाईचे, मग एक गाळलेला, मग एकदम चार. ढोलकी नुकतीच हातात घेतलेल्या माणसानं वाजवावी तसे. ती तशीच बसून राहिली. वाट पाहिली, की थोडा दम खाल्ल्यावर नीट होतील. झाले नाहीत.

"केव्हापासून आहे हे?"

"दम लागते कधीमधी. वय झालं ना."

"हा दम नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते सोबत."

"जाईन ना. स्पर्धा झाली का जातो."

"डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्पर्धा नाही, काका."

 भीमसिंगनी सायकल उभी केली, हातमोजे काढले, आणि तिनं त्यांना दिलेली पाण्याची बाटली परत तिच्या हातात ठेवली. "माह्यं नाव म्या स्वतः नोंदवलं, मॅडम. तुम्ही नोका पाठवू. मी एकटा जाईन." आणि ते सायकल ढकलत चढाच्या उलट दिशेनं निघाले.

ते बरोबर बोलले होते. त्यांना अडवायचा अधिकार तिच्या हातात नव्हता. आयोजकांना फोन करता आला असता, पण त्यांनी काका तंदुरुस्त आहेत असा कागद मागितला असता, आणि तसा कागद गावोगावी सहज मिळतो हे तिला माहीत होतं. ग्रुपमधल्या दोघांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. "मॅडम, तुम्ही उगाच घाबरता. एवढं तर सगळ्यांनाच होतं. वर्षभर मेहनत केली माणसानं."  मोनाली विशीत असताना पळण्याच्या शिबिरातल्या कोचनं तिला सांगितलं होतं की दुखणं डोक्यात असतं, पायात नसतं. नडगीच्या हाडाला गेलेल्या तड्यावर ती आणखी महिनाभर पळत राहिली, आणि मग कायमची थांबली. कोच झाल्यावर तिनं स्वतःशी एवढंच ठरवलं होतं की ती वाक्यं आपल्या तोंडून निघायची नाहीत. पण आज कसोटी वेगळी होती. इथे माणूस स्वतःच ती वाक्यं स्वतःला सांगत होता.

दोन दिवस भीमसिंगनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन स्कूटीवर तांड्यावर गेली.

वाटेत तिला एकच गोष्ट छळत होती. काकांच्या घरी कुणाला काही माहीत नसणार. बायकोला सांगितलं तर काका थांबतील, पण मग पुन्हा कधी कोणत्याही दुखण्याचा शब्द ते तिच्यापाशी काढणार नाहीत. आणि न सांगता परत यावं, तर चढावर बोटांखाली लागलेली ती बेचाल नाडी तिला झोपू देत नव्हती.

घर तांड्याच्या टोकाला होतं. अंगणात तूर वाळत घातलेली, आणि तिच्यापाशी भीमसिंगच्या बायको धनीबाई बसलेल्या. भीमसिंग खाटेवर होते. तिला पाहून उठले, पण बोलले नाहीत. धनीबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेल्या.

मोनाली हळू आवाजात म्हणाली, "मी काकूंना काही सांगायला आले नाही. ते सांगायचं तर तुम्हीच सांगाल. मी फक्त विचारायला आले, की तुम्ही सांगणार का."

"आन् नाही सांगतलं तं?"

"तर मी चहा पिऊन जाईन. पण स्पर्धेच्या दिवशी धरणावर मी उभी राहीन, आणि तुम्ही पाण्यात उतरताना मला बघावं लागेल. तेवढं मला करायला लावू नका, काका."

भीमसिंग खाली बघत राहिले. दाराशी धनीबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते दोघांनाही कळलं नाही.

"मले कायले सांगता," त्या म्हणाल्या. "मले ठाऊक आहे."

भीमसिंगनी वर पाहिलं.

"चार महिने झाले. तुमी झोपता, अन् मले उशीतून तुमचं काळीज ऐकू येते. धावते, थांबते, धावते. मी उठून बसतो, तुमचा श्वास पाहतो, मंग झोपतो."

"मंग बोलली काहून नाई?"

धनीबाईंनी चहाचा ट्रे खाटेवर ठेवला. "नोकरीतून आले तं वर्षभर तुमी या खाटेवरून उठले नाई. कोनाशी बोलले नाई. पोराच्या फोनवर बी हो-नाई. मंग या मॅडमकडं जाऊन राह्यले आन् तुमी सकाळी गाणं म्हनत सायकल पुसाले लागले. मले वाटलं, बोललो तं हे पुन्हा खाटेवर." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माह्यं चुकलं असन. पन मले ते गाणं मोडाचं नोहतं."

 भीमसिंगनी चहा संपवला. मग ते मोनालीकडे न बघता म्हणाले, "उद्या किती वाजता जाचं?"

यवतमाळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हृदयाच्या वरच्या कप्प्याची लय बिघडली आहे. रक्त आत साकळून गुठळी झाली असती, ती मेंदूत गेली असती, आणि पाण्यात असताना असं काही झालं असतं तर वर काढेपर्यंत वेळ मिळाला नसता. पण वेळेवर आलात, ते म्हणाले. पायातल्या शिरेतून बारीक तार आत घालून दुरुस्ती करता येईल. मग काही महिने गोळ्या, आणि सावकाश चालणं.

"अन् ट्रायथलॉन?" भीमसिंगनी विचारलं.

डॉक्टर हसले. "आधी चाला. मग बघू."

निघताना दारात थांबून मोनालीनं विचारलं, "माझ्या सरावामुळं झालं का हे, डॉक्टर?" ते म्हणाले, हे बहुधा आधीपासूनच होतं. सरावानं ते दिसलं. तिला त्या उत्तरावर पूर्ण विश्वास ठेवायचा होता. घरी परतताना बसमध्ये तिनं ठरवलं, की यापुढे चाळिशीपुढचा कुणीही तपासणी केल्याशिवाय तिच्या ग्रुपमध्ये येणार नाही.

या नियमामुळे ग्रुपमधले काही लोक गेले. त्यांना ऑनलाइन कोच मिळाला, तो कसलेच प्रश्न विचारत नव्हता. मोनालीला वाईट वाटलं, पण तिनं नियम बदलला नाही.

स्पर्धेच्या दिवशी भीमसिंग धरणावर आले, दुरुस्ती होऊन आठवडाच झालेला. तांड्यातली माणसं ठरल्याप्रमाणे टेम्पो करून आली होती, कारण भीमसिंगना त्यांना नको म्हणायचा धीर झाला नव्हता. "भीमसिंग कुठं आहे पाण्यात?" म्हणून ती माणसं काठावर हिंडत होती, आणि भीमसिंग पाण्याच्या टेबलापाशी उभे राहून पळणाऱ्यांना पेले देत होते. शेवटी त्यांच्या भावानं, उकंडानं, त्यांना शोधून काढलं.

"तू काहून नाई?"

"डॉक्टरनं थांबवलं." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इंजिन बिघडलं होतं. दुरुस्तीले टाकलं."

 उकंडाही टेबलामागे आला आणि पेले भरायला लागला. दुपारपर्यंत तांड्यातली निम्मी माणसं पाणी वाटत होती, आणि शेवटच्या पळणाऱ्यांसाठी त्यांनी इतका आरडाओरडा केला, की आयोजकांनी पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवायचं ठरवलं.

मग हळूहळू चालणं सुरू झालं. मोनालीनं त्यांच्यासाठी नवा सराव आखला. तो इतका संथ होता, की भीमसिंग वैतागायचे. "मॅडम, एवढ्यानं तं म्हैस बी चालते." धनीबाई त्यांच्याबरोबर निघायच्या, कारण नवरा सांगितल्याएवढंच चालेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. काही आठवड्यांत धनीबाई पुढे आणि भीमसिंग मागे, असं दृश्य तांड्याला रोज दिसायला लागलं. उन्हाळ्यात ते दोघं पहाटे निघायचे. पावसाळा संपता संपता नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, पट्टा लावून सायकलला परवानगी दिली, आणि छोट्या अंतराच्या स्पर्धेला हो म्हटलं, एका अटीवर, की ठोके ठरलेल्या आकड्यावर गेले की थांबायचं.

पुढच्या हिवाळ्यात भीमसिंग पाण्यात उतरले. मोनाली काठावर हात घट्ट बांधून उभी होती. पोहण्यात ते तरुणांच्या पुढे निघाले. सायकलवर बरेच जण त्यांना ओलांडून गेले. काका मात्र घड्याळात दिसणारे ठोके बघत, जिथे ते वाढले तिथे पाय सैल सोडत आले. वाटेत एक एसटी त्यांच्या मागून आली. ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं असावं. त्यानं हॉर्न दिला, आणि काकांनी न वळता हात वर केला.

पळताना ते जवळजवळ चालतच होते. शेवटी बाकीचे स्पर्धक जेवायला बसले होते, तेव्हा ते आले. दोन्ही बाजूंनी तांडा उभा होता. धनीबाई मात्र ओरडत नव्हत्या. त्या दोरीच्या पलीकडून पुढे झाल्या, आणि मेडलच्या आधी त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. तिथेच, गर्दीत, बोटं ठेवून त्या उभ्या राहिल्या, डोळे मिटून.

मोनाली जवळ गेली. 

"चालते आहे," धनीबाई म्हणाल्या. "एकसारखी."

भीमसिंग हसत होते, आणि रडतही होते. दम ओसरल्यावर त्यांनी मोनालीला विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी मोठी वाली करता येईन का?"

"आधी तपासणी."

"मंगळवारची वेळ घेतली आहे," धनीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, लुगड्याचा पदर सावरत त्यांनी मोनालीला हळूच विचारलं, "मॅडम, पळतानी कोनते बूट घालतेत? मले बी पुढच्या वर्षी त्या रस्त्यानं यायचं आहे. पानी नाई, मले पोहता नाई येत. पन पळन्यात मी याईच्या पुढं राहीन."

"पोहायला मी शिकवते ना, काकू," मोनाली म्हणाली. "या रविवारी लोहाऱ्याला या. आणि येताना तपासणीचा कागद घेऊन या."