चार अक्षरांएवढा ठिपका

चाळीस सेंटिमीटरवरून पाहिलं, तर माझ्या नजरेतला धूसर ठिपका स्क्रीनवरची चार अक्षरं झाकतो. वर्षापूर्वी दोनच झाकायचा. दर सोमवारी मी मोजते. डॉक्टर सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारी एका दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. लसींच्या फ्रिजचं तापमान बिघडलं की कॉम्प्युटरने ओरडावं, असा एक छोटा प्रोग्राम मी पंधरा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेसाठी लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज तो नऊशेहून जास्त दवाखान्यांत चालतो. दुरुस्ती कुणीही सुचवू शकतं. तपासून मंजूर मात्र मी एकटीच करते.

“ताई, फ्रिज उणे तीनवर गेला होता. सहा दिवस! तुमचं ते वाजलंच नाही. बाटलीचा बर्फ हाताला लागला तेव्हा कळलं.”

“त्या सहा दिवसांत लस दिली?”

“एकतीस मुलांना. गोठून वितळलेली लस दिसायला तशीच असते हो, पण काम करत नाही. आता सगळ्यांना परत बोलवायचंय. दोन घरं तर बिऱ्हाड हलवून गेलीत, पत्ता नाही.”

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि शेवटची मंजूर केलेली दुरुस्ती उघडली. मान तिरकी करून पाहिलं, जवळ जाऊन पाहिलं. ठिपका माझ्याबरोबर सरकत होता. धाकटी बहीण पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती.

“इकडे ये गं. ही लाल ओळ जुनी, ही हिरवी नवी. फरक काय आहे?”

“मला कुठे कळतं त्यातलं?”

“कळायला नकोय. अक्षरं ताडून बघ.”

ती वाकली. “लालमध्ये नऊच्या पुढे एक बारीक आडवी रेघ आहे. हिरवीत नाही.” मग माझ्याकडे वळली. “तुला दिसत नाहीये?”

वजाचं चिन्ह. थर्मामीटरकडून काय काय वाचायचं, त्याची ती ओळ होती : शून्य ते नऊ आकडे, आणि वजा. थर्मामीटरने पाठवलेले उणे तीन माझा प्रोग्राम तीन म्हणून वाचत होता, आणि तीन म्हणजे उत्तम तापमान. कुणा अनोळखी माणसाने चांगल्या मनाने ती ओळ साफसूफ केली होती. खाली मी लिहिलं होतं : तपासलं, ठीक.

बहिणीने फोनवर हात ठेवला. “फुकट दिलंयस ना? जबाबदारी आमची नाही, असं लिहूनही ठेवलंयस. धर्माची गाय, अन् म्हणे दात का नाहीत!”

“गाय मारकी झालीय. ते सांगायला नको?”

“मग दे कुणाला तरी आणि मोकळी हो.”

कुणाला? प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्यांना तीनदा विचारलं होतं. चाळीस जणांनी आभार मानले. एकच जण तयार झाला. त्याचं खरं नावही मला माहीत नाही, आणि मंजुरीची किल्ली दिली की नऊशे फ्रिज त्याच्या हातात. म्हणून दर महिन्याला म्हणत आले, एवढी एक दुरुस्ती बघते, मग सांगते.

रेघ परत घातली. बहिणीकडून तीनदा वाचून घेतली. त्या एकतीस मुलांना तिचा काही उपयोग नव्हता.

“झालं का, ताई?” नर्स विचारत होती. “पुढचंही तुम्हीच बघाल ना? आम्ही तुमच्याच भरवशावर आहोत.”

बहीण अर्धी घडी हातात धरून माझ्या डोळ्यांकडे बघत होती.

“हे झालं. पुढचं मी बघणार नाही,” मी म्हणाले. “मला दिसत नाही, सिस्टर. आजच सगळ्यांना कळवते. दुसरं कुणी मिळेपर्यंत थर्मामीटर स्वतः वाचा, दिवसातून दोनदा. माझ्यावर विसंबू नका.”