दोन बोटं कापड

हावळे टेलर्सचा कपडा कुणाला घट्ट झाला, असं वडूजात कधी घडलं नाही. कपडा अंगात घातला की माणूसच त्या मापाचा होई आणि त्याच मापात राही. कपडा काढून ठेवला तरी सुटका नसे. तलाठी भाऊसाहेबांची ढेरी त्यांचा शर्ट उसवून सैल केला तेव्हाच परत आली. गावाला याचं काही वाटत नसे. उलट बायका म्हणायच्या, बरंय की, लग्नातल्या मापातच राहतो नवरा!

शशिकांत हावळे मोठा काटेकोर माणूस. खडूच्या रेघेवर कात्री चालवायचा, शिवणीत एक दोरा जास्तीचा सोडायचा नाही. बोलणंसुद्धा मोजूनमापून. आणि नेमकी त्याच्याच दुकानात शिवणाला आणि काज-बटणाला कोण बसावी, तर हेमलता पुकाळे! अहो, ती बाई टेप गळ्यात घालायची ती नुसती शोभेला. मोजायची वितीने नाहीतर नजरेने, आणि वर प्रत्येक कपड्यात दोन बोटं कापड सैल सोडायची. तिच्या हातचे कपडे घालणारी माणसं ऐसपैस बसत, मोठ्यांदा हसत, कुणाच्या घरी गेली की लवकर उठत नसत. तिचं स्वतःचं तोंडही दुकान उघडल्यापासून चालू असे.

"हावळे, माणसाला श्वास घ्यायला जरा जागा ठेवत जा की."

"श्वास मापात बसतो," तो म्हणायचा.

तीन वर्षं हे असंच चाललं. मग एकदा ती चार दिवस मावशीकडे गेली आणि शशिकांतच्या खडूची रेघ वाकडी जाऊ लागली. घाबरला बिचारा. अन्न गोड लागेना. ती परत आली त्या दिवशी त्याने मान खाली घालूनच विचारलं, "हेमलताबाई, लग्नाचा ब्लाउज मी शिवू का?"

"कुणाच्या लग्नाचा?"

"आपल्या."

ती इतकी हसली की मांडीवरची बटणं दुकानभर घरंगळली. "शिवा," ती म्हणाली, "पण तुमचा शर्ट मी शिवणार."

आता माप घ्यायचं म्हणजे अंगाला टेप लावायची. तिथे गाडी अडली. शशिकांतचे कान लाल झाले. "मापाचा ब्लाउज आणून द्या," तो पुटपुटला. बायका शिंप्याकडे एखादा अंगाला बसलेला ब्लाउज नेतातच, तसा. तिने दोन दिवसांनी आणून दिला. त्याने तो टेबलावर पसरला, मोजला आणि मनाशी म्हणाला, हिच्या हातचा म्हणजे दोन बोटं सैल असणारच. म्हणून त्याने प्रत्येक बाजूला दोन बोटं कमी करून बेतला. वेड्याला केवढा आनंद झाला होता! आपण हिला किती ओळखतो, असं त्याला वाटत होतं.

लग्नाच्या सकाळी, वऱ्हाडी शेजारच्या कार्यालयात जमलेले असताना, ती दुकानातल्या पडद्यामागे ब्लाउज घालायला गेली. आत एक वाक्य सुरू झालं आणि मध्येच थांबलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आत असूनही दुकान गप्प झालं. पडदा सरकवून ती बाहेर आली तेव्हा तिचे खांदे मानेजवळ आले होते आणि छाती एखाद्या लहान मुलीच्या छातीएवढी झाली होती.

"श्वास," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "अर्धाच येतोय."

शशिकांत धावत पुढे आला. "मापाचा ब्लाउज नेहमीसारखाच होता ना? दोन बोटं सैल?"

"नाही. नवा शिवला. टेप लावून." तिने भिंत धरली. "तुमच्यासाठी."

त्याने ब्लाउजच्या कडेची शिवण उसवली. शिवणीत सोडायला काहीच नव्हतं; त्याने कधी काही ठेवलंच नव्हतं. ताग्यातलं कोरं कापड कापून जोडलं. ते अजून कुणाच्या अंगाचं झालं नव्हतं, त्याने तिचं अंग तसूभर वाढलं नाही. तिचे ओठ निळे पडू लागले. शशिकांतला आयुष्यात कधी एवढी भीती वाटली नव्हती.

त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तोही तिने त्याच्या जुन्या शर्टाला टेप लावूनच शिवला होता, त्याला बरोबर बसत होता, एक दोरा जास्त नव्हता. त्याने शर्ट उतरवला, दोन्ही बगलांखालून दोन-दोन बोटं कापड कापलं आणि ते तिच्या ब्लाउजला हातशिलाईने जोडलं. तिने मोठा श्वास घेतला. मग त्याने आपला शर्ट शिवून अंगात चढवला, कारण वरात उघड्या अंगाने निघत नसते. त्याच्या बरगड्या कडकड करत आत गेल्या.

"हावळे, हे काय केलंत?"

"मापात," तो म्हणाला. पुढचे शब्द बाहेर आले नाहीत.

तिने त्याच्या हातातून कात्री हिसकावली, आपल्या ब्लाउजचं कापड कापलं आणि त्याच्या शर्टाला लावलं. त्याला श्वास आला, तिचा गेला. मग पुन्हा त्याने कापलं. पण शिवण म्हटलं की तिला थोडं कापड लागतंच. प्रत्येक जोडाला दोघांचंही अंग, उंचीसकट, सूतभर कमी होई, आणि ते काही परत येत नसे. टेबलाची कड आधी त्याच्या कमरेला होती, ती छातीला लागली.

"आता पुरे," तो म्हणाला. "तुम्ही तरी नीट राहा."

"मी एकटी राहून काय करू?" ती चिडून म्हणाली.

दारावर थाप पडली. तिच्या भावाचा आवाज आला, "झालं का? भटजी खोळंबलेत."

"एवढा एक टाका," हेमलता आतून ओरडली. आवाज बारीक झाला होता, भावाला तो ऐकूच गेला नाही. त्याने पुन्हा थाप मारली. टेबलाला हात पुरावा म्हणून शशिकांत खुर्चीवर चढला, पाठोपाठ तीही. कात्री आता एकट्याला पेलत नव्हती; त्याने दोन्ही हातांनी तिचं एक पातं धरलं, दुसरं हेमलताने धरलं, आणि पुढच्या तुकड्यासाठी दोघांनी मिळून ती उघडली.