ताजा पापुद्रा

तिने चिकटपट्टी ग्राफाइटच्या तुकड्यावर दाबली आणि एका झटक्यात ओढली. काळा पापुद्रा पट्टीबरोबर निघून आला, खालचा कोरा थर चकचकला. आता दहा मिनिटं थांबायचं, मगच मोजायचं, ही मार्गदर्शक सरांची शिस्त. पण घरी लेक तापाने फणफणली होती, सासूबाईंचा तिसरा फोन येऊन गेला होता आणि हिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने तुकडा तसाच द्रावणात सोडला आणि यंत्र सुरू केलं.

आकडा सहा आला.

पाच वर्षं तो चारच येत होता. कार्बनचा पृष्ठभाग किती विद्युतभार धरून ठेवतो ते सांगणारा हा आकडा, म्हणजे कपॅसिटन्स. तो इतका कमी का, याचं उत्तर म्हणजे तिचा अख्खा प्रबंध: कार्बनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉनच कमी, तो बिचारा धरणार तरी किती! प्रबंध बांधून तयार होता, सरांची सही झाली होती, सोमवारी सादर करायचा होता. सून डॉक्टर होणार हे सासूबाईंनी साऱ्या इमारतीला सांगून टाकलं होतं. सुई टोचणारी डॉक्टर नव्हे, एवढं मात्र सोयीस्करपणे गाळून.

घाईत काहीतरी चुकलं असणार, म्हणून तिने पुन्हा पापुद्रा काढला. सहा. आणखी एकदा. सहाच. मग मुद्दाम दोन मिनिटं थांबून पाहिलं, तर साडेपाच. पाच मिनिटांनी पाचाच्या खाली. दहा मिनिटांनी चार. कार्बन बिचारा वगैरे काही नव्हता. उघड्या पडलेल्या थरावर हवेतला तेलकट मळ बसत होता, आणि पाच वर्षं ती इमानेइतबारे मळासकट मोजत होती.

ताप उतरलाय, सावकाश ये, असा नवऱ्याचा निरोप आला. तिला हायसं वाटलं, पण पाय घराकडे न वळता सरांच्या खोलीकडे वळले.

उभ्या उभ्या तिने सगळं एका दमात सांगितलं. सर रागावतील, मोडीत काढतील, अशी तिची तयारी होती. सरांनी कागदावरचे आकडे वरून खालपर्यंत पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना नवल वाटलं नव्हतं. तेच तिला खटकलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझ्याही हाती सहाच आला होता,” सर म्हणाले. “तुझ्याहून लहान होतो तेव्हा. माझ्या सरांचा आकडा चार. मग थांबून थांबून पाहिलं. दहा मिनिटांनी जुळला.”

तिला संताप आला. हीच दहा मिनिटं तिने प्रयोगशाळेतल्या दोन नव्या मुलींना दटावून शिकवली होती.

सरांनी हलक्या आवाजात समजूत घातली. सोमवारी सादर कर, परीक्षकही दहा मिनिटं थांबणाऱ्यांतलेच आहेत. एकदा पदवी पदरात पडली की हे नवं काम तुझ्याच नावावर छाप, मी आड येणार नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्तच होतोय.

सल्ला काही वाईट नव्हता. सासूबाई नातीमागे धावून थकल्या होत्या. नवऱ्याने एकदा बदली टाळली होती, दुसऱ्यांदा टळणार नव्हती. प्रबंध लांबला तर तो आणि लेक पुढे जातील, ती इथे एकटी राहील. ती दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, परत आली. पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला तिने पिशवीतून प्रबंध काढला आणि सहीचं पान उघडून सरांपुढे ठेवलं.

“ही सही खोडून द्या, सर.”

“वर्ष जाईल तुझं.”

“माझं एकच जाईल.”

सरांनी ते पान जवळ ओढलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.