शेवटचं पान

चातुर्मासात मी रोज उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत बोलत नाही. बारा वर्षं झाली या नेमाला. शिष्यवृत्ती समितीतल्या बाकीच्या दोघांनाही ते ठाऊक आहे, म्हणून मुलाखतींच्या दिवशी माझ्यापुढे वही-पेन ठेवतात. विचारायचं ते मी लिहून विचारते.

आमचा निधी लहान. दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला इतिहासात एम.ए. करायला दोन वर्षांची फी आणि वसतिगृह. त्यानं पुढे इतिहास शिकवावा, आणि अर्जासोबत आपल्या गावाविषयी स्वतः शोधून निबंध लिहावा, एवढीच अट.

मंगळवेढ्याकडची सोनम आत आली. मेंढपाळाची मुलगी. तिचे वडील गुंडा बाहेर व्हरांड्यात घोंगडीवर बसले होते. शिष्यवृत्ती मिळाली तर सोलापुरात शिक्षण, नाहीतर सोमवारपासून अकलूजच्या डेअरीत काम, असं त्यांचं ठरलेलं.

तिचा निबंध माळावरच्या एका दगडावर होता. गाव त्याला शेंदूर लावून देव मानतं. सोनमनं कितीतरी पिढ्यांचा शेंदूर उतरवला, तर खाली वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड, निघाला. त्यावर कोरलेला, गाई सोडवताना मेलेला माणूस आणि जुन्या कानडीत दोन ओळी.

अध्यक्ष सिद्धाप्पा अण्णांनी पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

"देव खरवडलास होय गं?"

"खरवडला न्हाय, सर. कोमट तेल लावून हळूहळू..."

"तेच की! आज गावचा देव सोललास, उद्या शाळेत पोरांना काय शिकवशील?"

समितीतले दुसरे, वेणीमाधव सर हसले. "अण्णा, जरा लांब बसा. तुमच्या कपाळाचं भस्म उतरवून खाली काय लिहिलंय बघेल ती."

सोनम हसली नाही. "आबांना इचारा की. बाहेरच हायेत. शेवटच्या पानावर समदं लिवलंय."

शेवटचं पान कुणी उलटलं नाही. मी आदल्या दिवशी वाचलं होतं. त्या देवाचा पुजारी गुंडाच. त्यानं दगडाला फुलं लावून कौल घेतला, उजवं फूल पडून देवाचा होकार मिळाला, तेव्हाच पोरीला हात लावू दिला. काम झाल्यावर गावानं देवाला दुधानं न्हाऊ घालून पुन्हा शेंदूर चढवला.

सोनमनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या निबंधावर मी केलेल्या खुणा तिला दिसत होत्या.

'शेवटचं पान वाचा.' तीन शब्द लिहायचे होते. पण थर निघाला तसे देवाला बसवलेले डोळेही निघून आले, असं तिनं लिहिलं होतं. तिची बाजू घेतली तर देव कोपेल, अशी भीती ते वाचल्यापासून मनात बसली होती. त्या सकाळी देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेकडे मला नीट पाहवलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि ओठांतल्या ओठांत जप सुरू केला.

"बाई काही लिहीत नाहीत," अण्णा म्हणाले, "म्हणजे त्यांचंही तेच मत."

अथर्व नावाच्या मुलाची निवड तिथंच जाहीर झाली.

घरी नैवेद्य दाखवला आणि लगेच अण्णांना फोन केला.

"बाई, तो मुलगा पेढे देऊन गेला. आता कसं बदलू?"

"पण शेवटचं पान..."

"मग तेव्हाच लिहायचं होतं की."

रिक्षा करून स्टँडवर गेले. बापलेक गाडीची वाट बघत उभे होते. मी हात जोडले, कौलाचं मला माहीत होतं हेही सांगितलं. फी माझ्या पेन्शनीतून भरते म्हणाले.

गुंडानं मान हलवली. "पैशाचं न्हाय वो, बाई. कौल मी घेतला, आन् आत माझी पोर देव सोलणारी ठरली. हे गावात कळलं तर दुसऱ्या दगडाला कोन हात लावू दील तिला?"

"मौन होतं माझं."

"तुमी टोपण काडलं हुतं पेनाचं," सोनम हळू म्हणाली. "मी बघितलं. परत लावलं तुमी."

मंगळवेढ्याची गाडी लागली. दोघं चढली. खिडकीतून गुंडानं मला नमस्कार केला, सोनमनं नाही.

तिथंच बाकावर बसून मी समितीला पत्र लिहायला घेतलं. फेरमुलाखत घ्यावी, माहीत असून मी गप्प बसले, मला भीती वाटली. सोमवारच्या आत ते कुणी वाचेल की नाही, कोण जाणे.