सव्वापट वजन

आमचं घर टेकडीच्या माथ्यावर आणि मी पायथ्याशी, नणंदेच्या मागच्या खोलीत. मधे एकच गल्ली. अरुंद इतकी की मोटार शिरत नाही, आणि उभी इतकी की पोस्टमन आमची पत्रं खालच्या वाण्याकडे ठेवून पळ काढतो. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, चढ चढायचा नाही, या हृदयाला खोलीतल्या खोलीत चालणंच झेपेल. म्हणून ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, मला ठेवून घेतलं. तात्पुरतं, असं सगळेच म्हणाले.

मला घरी जायचं होतं. माझा आजार बरा होणारा नाही हे मला डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं होतं, आणि मरायचंच तर स्वतःच्या खिडकीपाशी, स्वतःच्या पलंगावर मरायचं होतं. ताईंनी काही कमी केलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात माणूस खोकतो तेसुद्धा अंग चोरून. शेजारी म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेतो. मी साफ नाही म्हटलं. चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो, आणि तेव्हा त्याला काही दिसत नाही. मला सगळं बघत बघत जायचं होतं.

"मी नेतो तुला," आमचे हे म्हणाले. "बाईकवर."

आमचे हे मोटरी भरतात. म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळतात. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, पंखे, जे येईल ते. दुकानात ये-जा करायला त्यांनी एक जुनी इलेक्ट्रिक बाईक घेतली होती, मागच्या चाकातच मोटर असलेली. एकट्याला ती रडतखडत घरी आणायची आणि शेवटच्या वळणावर हे उतरून ढकलायचे. त्यात मी अंगाने भरलेली. मी आले की दुकानदार खुर्ची बदलून देतात, असं हेच चिडवायचे. मला घेऊन ती बाईक चढायची म्हणजे तिचा जोर वाढवायलाच हवा होता.

यांची एक जुनी खोड आहे. दुरुस्त केलेली मोटर ठरलेल्या भारापेक्षा सव्वापट भार ओढते की नाही हे बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. त्यांच्या हातची मोटर परत आली नाही ती त्यामुळेच. तोच नियम त्यांनी मला लावला. आजारपणाच्या आधीचं माझं वजन धरलं, त्यावर पाव भाग चढवला, आणि तेवढी वाळू नि भंगार लोखंड पोत्यात भरून पोतं मागच्या सीटवर पट्ट्याने आवळलं.

"वळणावर बंद पडली आणि तुला घेऊन मागे घसरली तर?" ते म्हणाले. "पोतं पडलं तर पडलं."

खिडकीतून मला गल्लीचं तोंड दिसायचं. रोज दुपारी पोतं माझ्या जागेवर बसून माझ्या घरी निघायचं आणि मी टक लावून बघायचे.

"सवतीला फार फिरवता हल्ली," मी एकदा म्हटलं. "लोक काय म्हणतील?"

हे हसले. तेव्हा ते अजून हसत होते.

पहिल्यांदा बाईक अर्ध्यावर थांबली. यांनी मोटरीला जास्त करंट मिळेल अशी तजवीज केली, तर बॅटरीच दम टाकू लागली. चढावर ताण आला की आपोआप बंद. मग तिला जोडून दुसरी बॅटरी लावली. बॅटरी टिकली, पण मोटरीतून जळका वास यायला लागला. मोटर उघडली, आतली तार काळी पडली होती. ती पुन्हा भरली, या वेळी जास्त वेढे देऊन. "वेग गेला तर जाऊ दे," ते म्हणाले, "मला जोर पाहिजे." पोतं थोडं आणखी वर गेलं आणि पुन्हा अडलं. रोज एक नवा उपाय आणि रोज तीच गल्ली. संध्याकाळी माझ्या पायाशी बसून हे वेढ्यांचे हिशेब सांगायचे, हाताला वॉर्निशचा वास, नजर जमिनीवर.

आणि इकडे मी वितळत चालले होते. आधी एक स्वेटर पुरायचा, मग दोन लागायला लागले, कारण अंगावर ऊब धरायला काही उरलंच नव्हतं. मला बसतं करायला ताईंना आधी दोन्ही हात लागायचे. आता एकाने भागायचं, आणि तेव्हा त्या तोंड दुसरीकडे करायच्या.

"अहो, पोतं थोडं रिकामं करा ना," मी म्हटलं. "मी अर्धी राहिलेय."

"भूक लागेल आता. औषध बदललंय ना." हे हातातल्या तारेचं टोक खरवडत होते. "बरी झालीस की वजन परत येणार. तेव्हा बाईक कमी पडली तर?"

"माझ्याकडे बघा तरी."

"बघतोय ना," ते म्हणाले, तारेकडे बघत.

पोत्यातली मूठभर वाळू काढणं म्हणजे मी जाणार हे कबूल करणं होतं, आणि ते यांना जमत नव्हतं. मला समजत होतं. समजत होतं म्हणून राग कमी होत होता असं मात्र नाही. आग व्हायची अंगाची. अहो, दुकान बंद करा, इथे बसा, माझा हात धरा, असं ओरडावंसं वाटायचं. ओरडायला श्वास पुरायचा नाही. जीव कंठाशी आला होता आणि नवरा मोटर भरत होता.

शेवटी त्यांनी चाकच बदललं. मोटर तीच, पण भोवतीचं चाक लहान. लहान चाकाला चढ सोपा जातो म्हणे. तोंडावर बऱ्याच दिवसांनी तजेला आला होता. दुपारी पोतं घेऊन निघाले, आणि परत आले ते ब्रेक दाबत दाबत, पायी. ताईंच्या उंबऱ्यावर मटकन बसले.

"शेवटचं वळण घेत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडून होत नाही गं. आता काही सुचतच नाही." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मला उठून त्यांच्यापाशी जाता येईना. ताई आल्या, ओले हात तसेच.

"घाल ते पोतं खड्ड्यात!" त्या भावावर कडाडल्या. "ती पोत्याएवढी आहे का? आज नेतोस हिला, की मी नेऊ?"

"ताई, अडली तर…"

"अडली तर अडली. इथे काय चाललंय ते तुला दिसत नाही, आंधळ्या?"

ताईंनीच पट्टा सोडला. पोतं धपकन रस्त्यावर पडलं. ताईंनी मला उचलून सीटवर ठेवलं, शाल पांघरली, पट्टा यांच्या नि माझ्या कमरेभोवती आवळला. हे पुढे ताठ बसले होते. मी त्यांच्या पाठीला गाल टेकला.

बाईक निघाली. वाण्याचं दुकान गेलं, शिंप्याचं गेलं, निळ्या दारांचं घर गेलं. मी सगळं बघत होते. पहिलं वळण आलं, गेलं. "बघ!" हे ओरडले. "बघ कशी ओढतेय! चाकाचाच दोष होता!" दुसऱ्या वळणावर ते हसत होते. शेवटच्या वळणाला त्यांनी श्वास रोखला, पाय खाली टेकवायच्या तयारीत ठेवले, आणि बाईक सपाटीवर असल्यासारखी वर गेली. माझ्याही तोंडून हसू फुटलं. मी घरी आले होते.

दारात बाईक उभी करून, पट्टा सोडवून ते उतरले आणि सवयीने मागच्या चाकातल्या मोटरीवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. तोंडावरचं हसू उतरत गेलं.

"कोमटसुद्धा नाही झाली," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मनगटं, गळा, दोन स्वेटरांच्या आत उरलेली मी. इतके दिवस ज्या नजरेसाठी मी तळमळले ती आली, आणि मला ती सोसवेना.

त्यांनी मला उचललं. पूर्वीच्या अंदाजाने जोर लावला असणार, कारण मी झटक्यात वर आले आणि तेच दोन पावलं मागे हेलपाटले.

"चाक मोठं होतं तेव्हाच चढली असती," ते पुटपुटले. मग मला हातांवर सावरत, "बाईक कशाला? मीच आणलं असतं तुला. असंच."

"हो," मी म्हटलं.

"तू सांगत होतीस."

"हो."

असू द्या, जाऊ द्या, असं काहीतरी बायकोने म्हणायला हवं होतं. जीभच उचलेना. वाया गेलेले दिवस माझे होते आणि माझ्यापाशी ते फार नव्हते.

"आत न्या," एवढंच मी म्हटलं.

आत नेलं. पलंगापाशी आल्यावर मी म्हटलं, ठेवा आता. त्यांनी ठेवलं नाही. मला तसंच हातांवर घेऊन खिडकीशी उभे राहिले. बाहेर ऊन उतरलं तरी उभेच होते.

"हात भरून आले असतील तुमचे," मी म्हटलं.

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली, आणि मग त्यांना हुंदका आवरेना.