लुस्वेतीच्या ताटातला पेटा

मंत्रीसाहेब, चोर तुम्ही आहात. पैशांचं म्हणत नाही, त्याची आम्हाला सवय झालीय. तुम्ही माणसांना माणसं विकायला लावलीत, आणि वर टीव्हीवर आधी प्रार्थना करून करारावर सह्या ठोकल्यात.

माझी बायको नामालवा इथे पश्चिम केनियात, बुंगोमाकडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. हुद्दा शिकाऊ शिक्षिका. काम पूर्ण, पगार अर्धा, आणि कायम करण्याचं वचन दर वर्षी नवं. संप पुकारला तेव्हा ती कचरत होती. मग शिक्षक संघटनेचा आमच्या भागातला सचिव लुस्वेती स्वतः घरी आला. शिकाऊ उतरले नाहीत तर मोर्चा विरळ दिसेल, हे त्याने लपवलं नाही. आम्ही कोंबडी कापली. कोंबडीचा पेटा, पोटातली ती चिवट पिशवी, हा आमच्यात घरधन्याचा मान. मी तो त्याच्या ताटात वाढला. त्याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. चघळत म्हणाला, "मॅडम, सही होईल ती तुम्हाला कायम करूनच. नाहीतर माझा हात झडो."

नामालवा झाडाची फांदी उंच धरून मोर्चाच्या पुढे राहिली. अश्रुधुराने डोळे सुजले, तर म्हणाली, कांद्यानेही सुजतात.

नैरोबीच्या हॉटेलात बोलणी झाली. लुस्वेतीही होता. कायम शिक्षकांना पगारवाढ. शिकाऊंचा विचार पुढे कधीतरी. सोमवारी नामालवा शाळेत गेली, तर मुख्याध्यापकांनी दारातच सांगितलं की संपात गेलेल्या शिकाऊंना घ्यायचं नाही, वरून हुकूम आहे. आत शिक्षकांचा चहा चालला होता. एकही कप खाली ठेवला गेला नाही.

मी तडक लुस्वेतीचं घर गाठलं. त्याने बळेच जेवायला बसवलं आणि पेटा माझ्या ताटात टाकला.

"खा, भाऊ. शेवटच्या दिवशी मंत्रीसाहेब म्हणाले, वाढ घ्या नाहीतर शिकाऊ घ्या. दोन्ही मागाल तर दोन्ही जातील. मी तरी काय करणार? शिकाऊंना संघटनेत मत नाही."

"मोर्चात पाय होते ना त्यांना?"

मी पेटा तसाच टाकून उठलो. आमच्यात याहून मोठा अपमान नाही, आणि त्याने तो गिळला.

लुस्वेतीचं माझं मी बघून घेईन. पण साहेब, वाढ की माणसं, हा सौदा त्या टेबलावर मांडला कुणी? नामालवाच्या वर्गाला आज विज्ञान कोण शिकवतंय? गोल गोल बोलू नका. नाव सांगा.