तिसरा खड्डा

तिसऱ्या खड्ड्यातही फावडं कापडाला लागलं, तेव्हा शिपायाने ते टाकून दिलं.

"बाहेर काढून उघड," पाद्री क्रेन म्हणाले.

"तुम्हीच उघडा, साहेब. मला मुलंबाळं आहेत."

पाद्र्यांनी स्वतः गाठोडं सोडलं. गाठ हेप्झिबा सुईणीचीच होती. आधीच्या दोन गाठोड्यांसारखंच हेही मात्र आतून रिकामं होतं. कापडाला तेवढी तान्ह्या अंगाची गोलाई होती आणि दुधाचा वास येत होता. कुंपणापाशी उभ्या डॉर्कसचं पोलकं ओलं झालं. तिचं बाळ मेलेलं जन्मून तीन आठवडे उलटले होते. दूध आटलं असंच ती समजत होती.

ते बाळच पाद्र्यांना हवं होतं. हेप्झिबा दर गुरुवारी घरी बायका जमवायची, बायबल उघडायची आणि देव बाईशी बोलताना पाद्र्याची परवानगी काढत नाही, असं बेधडक सांगायची. तिच्या हातून शिंगं असलेलं पोर जन्मलं, अशी कुजबुज वसाहतभर होती. ते उकरून चौकात मांडलं की तिचं तोंड कायमचं बंद होणार होतं. शिंगं कसली? पाठ वाकडी होती बिचाऱ्याची, आणि कान बापाचे.

"कुठे ठेवलंस गं, मावशी?" डॉर्कसने तेव्हा हेप्झिबाला विचारलं होतं.

"तुला ठाऊकच नसलं, तर शपथेवर खोटं बोलावं लागणार नाही."

आता जमलेल्या बायकांतून सायलेन्स नावाची म्हातारी पुढे आली. "ओढ्याकाठी बघा, साहेब. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आधीच्या तिघींनीही डोळ्यांनीच पाहिलं होतं."

"देवाने डोळे सगळ्यांनाच दिलेत."

एकही बाई हसली नाही. पाद्र्यांनी हात झटकले, सैतानाने प्रेत पळवलं असं जाहीर केलं आणि सगळ्यांना बोलवायला प्रार्थनाघराचा ढोल वाजवायला सांगितलं.

आत निकाल लागायला वेळ लागला नाही. हेप्झिबाला चर्चच्या मंडळीतून काढलं; तिच्याशी कोणी बोलायचं नाही, तिच्या पंगतीला बसायचं नाही.

"तुमची मंडळी तुम्हाला लखलाभ," ती म्हणाली. "देव दाराबाहेरही असतो."

बायकांचं दार वेगळं होतं, पण तिला पुरुषांच्या, मोठ्या दाराने जायला लावलं. डॉर्कस बाकावरून उठली आणि तिच्या मागे निघाली. पाद्र्यांनी नावाने हाक मारली तरी ती थांबली नाही.

त्या दाराची दगडी पायरी डॉर्कसच्या नवऱ्याने, इलायबने बसवली होती. तीही बाळ गेलं त्याच संध्याकाळी. "आज तरी दगड राहू दे," ती अंथरुणातून म्हणाली होती, तरी तो पहार घेऊन गेला होता. तेव्हापासून दोघांचं धड बोलणं नव्हतं.

अंगणभर पांढरं हिम पडलेलं होतं. पायरी तेवढी कोरडी होती.

हेप्झिबाने घागरा सावरला. पायरीवर पाय न देता ती कडेने उतरली, घरात मूल निजलेलं असताना उतरावं तशी.

डॉर्कसने पायरीवर ठेवायला पाय उचलला. मागून कोणीतरी तिचं कोपर धरलं. इलायब होता, दुसऱ्या हातात टोपी.

"कडेने उतर," तो म्हणाला.